कांचनाबुरी आणि हेलफायर पास: वेठबिगारांच्या रेल्वेमार्गावर दोन दिवस

बँकॉकहून निघणाऱ्या एका दिवसाच्या सहलींत 'क्वाय नदीवरचा पूल' हमखास असतो. सकाळी तरंगता बाजार, दुपारी पूल, पुलावर फोटो, रात्री हॉटेलवर परत. असा दौरा करून आलेल्याला विचारलं तर पूल आठवतो, पण तो कोणी बांधला हे सांगता येत नाही. खिंडीपर्यंत, म्हणजे हेलफायर पासपर्यंत, हा दौरा बहुधा पोहोचतच नाही. आणि जे सगळ्यात जास्त मेले त्या आशियाई मजुरांची जागा तर यादीतच नसते. म्हणून पहिली सूचना: एका दिवसात हे उरकू नका. कांचनाबुरीत एक रात्र मुक्काम धरा आणि पूल पहिल्या दिवसाच्या शेवटी बघा.

थोडी पार्श्वभूमी लागेल, कारण ती नसेल तर जागेवर नुसतं दगड आणि गवत दिसतं. दुसऱ्या महायुद्धात, 1942 मध्ये, जपानने ब्रह्मदेश घेतला. तिथल्या सैन्याला रसद समुद्रमार्गे पाठवायची तर मलाक्काच्या सामुद्रधुनीत दोस्तांच्या पाणबुड्या टपलेल्या. म्हणून थायलंडमधल्या नोंग प्लादुकपासून ब्रह्मदेशातल्या थानब्युझायतपर्यंत 415 किलोमीटर रेल्वे डोंगर-जंगलातून टाकायचं ठरलं. पूल आणि खिंड याच मार्गावरचे. 1942 च्या मध्यावर काम सुरू झालं आणि 17 ऑक्टोबर 1943 रोजी दोन्ही बाजूंचे रूळ जुळले. ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन, डच आणि काही अमेरिकन असे साठ हजारांहून जास्त युद्धकैदी राबवले गेले. त्यातले बारा हजारांहून जास्त मेले. आशियाई मजूर मात्र दोन लाखांच्या घरात होते: मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ, मलय, ब्रह्मी, जावानीज, चिनी. जपानी लोक त्यांना 'रोमुशा' म्हणत. काहींना थोड्या महिन्यांचं काम आणि चांगला पगार असं सांगून आणलं, काहींना सरळ उचलून. त्यातले किती मेले याचे अंदाज 75,000 पासून 1,00,000 पर्यंत जातात. आकडा इतका ढिला आहे, कारण त्यांची नोंदच कोणी ठेवली नव्हती. वेठबिगार हा आपला शब्द इथे तंतोतंत बसतो.

वाटेत 'प्रत्येक स्लीपरमागे एक जीव' असं वाक्य ऐकायला मिळेल. ऐकून सोडून द्या. रेल्वेच्या एका किलोमीटरला हजाराहून जास्त स्लीपर, म्हणजे रुळांखालची आडवी लाकडं, लागतात, म्हणजे 415 किलोमीटरला चार लाखांहून जास्त. खरा आकडा भयंकर आहेच, त्याला फुगवायची गरज नाही.

कधी जावं, काय न्यावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. मार्च ते मे पारा चाळिशीला टेकतो, आणि खिंडीत दोन्ही बाजूंचे खडक तापल्यामुळे वारा लागत नाही. पावसाळ्यात, साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, हिरवळ सुंदर असते पण पायऱ्या आणि खडी निसरडी होते. एक मात्र खरं, की सगळ्यात जास्त माणसं 1943 च्या पावसातच मेली. तेव्हा पावसात गेलात तर जागा जास्त कळेल, फक्त चपला-सँडल घालून जाऊ नका. मागे पट्टा नसलेली पादत्राणं रेल्वेच्या खडीवर हमखास घसरतात आणि घोटा मुरगळतो. रबरी तळव्याचे बंद बूट, पातळ लांब पँट, डासांचं मलम, टोपी आणि माणशी किमान दीड लिटर पाणी एवढं हवंच. लांब पायवाट चालणार असाल तर अडीच लिटर.

भारतातून निघण्यापूर्वी व्हिसाचा तेव्हाचा नियम बघून घ्या, तो अलीकडे बदलत राहिला आहे. शिवाय थायलंडचं डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. ते मोफत असतं. त्यासाठी पैसे मागणारी संकेतस्थळं दलालांची असतात. कांचनाबुरीच्या पुढे महामार्गावर तपासणी नाकी लागतात, म्हणून पासपोर्ट हॉटेलात ठेवून जाऊ नका.

शाकाहारी मंडळींनी 'जे' हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला दिसला की तिथे मांस, मासे, अंडी तर नाहीतच, कांदा-लसूणही नसतो. साध्या दुकानात 'भाजी द्या' एवढंच सांगितलं तर भाजीत माशाचा सॉस पडतो. 'माई साई नाम प्ला' म्हणजे माशाचा सॉस घालू नका. खिंडीच्या बाजूला खाण्याची सोय फार नाही, म्हणून दुसऱ्या दिवसाचा फराळ शहरातूनच बांधून घ्या.

बँकॉकहून पोहोचणं

अंतर रस्त्याने साधारण 130 किलोमीटर. बँकॉकच्या दक्षिण बस स्थानकावरून, म्हणजे साई ताई माईवरून, मिनीव्हॅन आणि बस सुटतात आणि दोन-अडीच तासांत पोहोचवतात. दुसरा पर्याय रेल्वेचा. गाडी थोनबुरी या छोट्या स्थानकावरून सुटते, मुख्य स्थानकावरून नाही. इथे पुष्कळ जण चुकतात आणि गाडी हुकते. सकाळची गाडी आठला दहा-पंधरा मिनिटं असताना, दुपारची दोनच्या सुमारास. तिसरा वर्ग, पंखे, उघड्या खिडक्या, परदेशी माणसाला 100 बाट. गाडी उशिरा धावते हे गृहीत धरूनच चला.

आमचा सल्ला असा: जाताना व्हॅन, येताना रेल्वे. सकाळी साडेसातला व्हॅन धरली तर दहाच्या आसपास कांचनाबुरीत असाल आणि पूर्ण दिवस हाती राहील. (गावाचं नाव ऐकून ओळखीचं वाटलं असेल तर बरोबरच आहे. ती आपली कांचनपुरीच.)

पहिला दिवस: आधी संग्रहालय, मग स्मशान

क्रम उलटा केलात तर निम्मा अर्थ हरवतो. सुरुवात थायलंड-बर्मा रेल्वे सेंटरपासून करा. 2003 साली उघडलेलं हे संग्रहालय युद्धस्मशानाला लागूनच आहे आणि कांचनाबुरी रेल्वे स्थानकापासून चालत पाच मिनिटांवर. तिकीट आहे, फार नाही. मार्गाचे नकाशे, छावण्यांची जागा, पुलांच्या बांधणीचे नमुने आणि रोगांची माहिती नीट मांडलेली आहे. दोन तास ठेवा. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करून घ्या: कैदी मेले ते बहुतांशी मारहाणीने नव्हे. आमांश, कॉलरा, मलेरिया, बेरीबेरी आणि पायावरची चिघळलेली जखम यांनी मेले. भात अपुरा, त्यात जीवनसत्त्व नाही, काम बारा-सोळा तास. बांबूचा एक ओरखडा पडला तरी हाडापर्यंत व्रण जायचा. युद्धकैद्यांच्या छावण्यांत निदान त्यांचे स्वतःचे लष्करी डॉक्टर होते, पाणी उकळून पिण्याची शिस्त लावणारे अधिकारी होते. तमिळ आणि ब्रह्मी मजुरांच्या छावण्यांत यातलं काहीच नव्हतं. कुटुंबकबिल्यासह आणलेल्या त्या लोकांत कॉलरा शिरला की छावणीच्या छावणी रिकामी होई. मृत्यूच्या प्रमाणातला फरक इथून येतो.

बाहेर पडून शेजारच्या युद्धस्मशानात जा. प्रवेश मोफत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन त्याची देखभाल करतं, तेच कमिशन पुण्याजवळचं खडकीचं युद्धस्मशानही सांभाळतं. खडकी पाहिलेल्यांना इथली शिस्त, कापलेलं गवत आणि मधला क्रूस लगेच ओळखू येईल. इथे 6,982 थडगी आहेत: 5,084 राष्ट्रकुलातल्यांची, 1,896 डचांची आणि उरलेली दोन युद्धाशी संबंध नसलेली. अमेरिकनांचे अवशेष युद्धानंतर मायदेशी नेले गेले, म्हणून ते इथे सापडत नाहीत.

बघण्याची पद्धत सांगतो. सरळ मधोमध चालत जाऊ नका. आधी प्रवेशाच्या इमारतीत थांबा आणि भिंतीकडे बघा. तिथे अविभाजित भारताच्या सैन्यातल्या 11 जणांची नावं कोरली आहेत. त्यांना थायलंडमधल्या मुस्लिम दफनभूमींत पुरलं होतं, तिथे त्यांची थडगी राखणं शक्य झालं नाही, म्हणून नावं इथे. जवळपास प्रत्येक भारतीय पर्यटक या भिंतीसमोरून न बघता पुढे जातो. मग रांगांत शिरा आणि वयं वाचत चला: 22, 24, 31. तळाशी घरच्यांनी निवडलेल्या एक-दोन ओळी असतात. दोन थडग्यांत मिळून 300 जणांची राख आहे. 1943 च्या मे-जूनमध्ये निएके छावणीत कॉलऱ्याने गेलेले, साथ पसरू नये म्हणून जाळलेले. त्यांची नावं स्मशानातल्या मंडपातल्या फलकांवर आहेत.

एखादं ठरावीक नाव शोधायचं असेल तर कमिशनच्या संकेतस्थळावर घरूनच शोधून ठेवा. तिथे विभाग, रांग आणि थडग्याचा क्रमांक मिळतो, उदाहरणार्थ 4. B. 12. या ऐवजी नुसतं नाव घेऊन गेलात तर सात हजारांत तासभर फिराल. प्रवेशाजवळ नोंदवहीही ठेवलेली असते. थडग्यांचे फलक जमिनीलगत असतात, त्यामुळे घाईत पाय पडतो. रांगांमधल्या गवतावरूनच चाला. फोटो काढता येतात, पण फलकावर टेकून किंवा हसत सेल्फी घेऊ नये. तिथे नातेवाईक रडत बसलेले असतात, अजूनही.

आता मनात प्रश्न यायला हवा, की हे सात हजार इथे एकत्र कसे आले? 1945 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शोधपथक संपूर्ण मार्गावर फिरलं. कैद्यांनी जपान्यांपासून लपवून मृतांच्या नोंदी ठेवल्या होत्या, त्यावरून थडगी सापडत गेली आणि अवशेष इथे, चुंगकाईत आणि थानब्युझायतला आणले गेले. मजुरांचं टिपण कोणी ठेवलंच नव्हतं. ते जिथे पडले तिथेच राहिले.

म्हणून तिसरा थांबा चुकवू नका: वाट थावोर्न वारारम ('वाट' म्हणजे थाई भाषेत मंदिर). युद्धस्मशानापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं हे मंदिर आहे. इथे आशियाई मजुरांच्या सामुदायिक दफनाची जागा आणि स्मारक आहे, आणि मलेशियातल्या तमिळ वंशजांच्या पुढाकाराने उभी राहिलेली 'नडुकल', म्हणजे वीरगळ, आहे. गावच्या वेशीवर वीरगळ पाहिलेल्या मराठी माणसाला तो दगड परका वाटणार नाही. पाट्या ठळक नाहीत, तिकीट नाही, मार्गदर्शक नाही. फाटकात शिरून विचारावं लागतं. फोनवर मंदिराचं नाव थाई लिपीत काढून ठेवा, इंग्रजी उच्चार तिथे कोणाला कळत नाही. मंदिर असल्यामुळे खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत.

जेवण झाल्यावर वेळ आणि उत्साह असेल तर वाट चाय चुम्फोन मंदिरातलं जीथ युद्धसंग्रहालय बघा. 1977 साली मंदिराच्या महंतांनी कैद्यांच्या बांबूच्या झोपडीसारखं ते उभारलं. मांडणी जुनाट आहे, पण दोन्ही बाजूंच्या बांबूच्या फळ्यांवर माणसाला किती जागा मिळे हे इथेच कळतं. सावध राहा: पुलाशेजारी जवळजवळ याच नावाचं एक खासगी संग्रहालय आहे, रिक्षावाले तिकडेच नेतात. मंदिराचं नाव सांगा, संग्रहालयाचं नव्हे.

चारच्या सुमारास चुंगकाईला जा. शहरापासून चार-पाच किलोमीटर, क्वे नोई नदीच्या काठी. टॅक्सी, भाड्याची सायकल किंवा लांब शेपटाची बोट. इथे कैद्यांची मोठी इस्पितळ-छावणी होती आणि तिथे मेलेल्यांचीच ही थडगी: 1,426 राष्ट्रकुलातल्यांची, 313 डचांची. पर्यटकांच्या बसगाड्या इकडे फारशा येत नाहीत. पहिल्या स्मशानात गर्दीमुळे जे जमलं नाही ते इथे जमतं, नुसतं बसणं.

पूल संध्याकाळी. रचना बघा: गोलाकार कमानींचे गाळे मूळचे आहेत, जपान्यांनी जावाहून उचलून आणलेले. मधले दोन कोनाकार गाळे युद्धानंतर बसवले, कारण 1944-45 मध्ये विमानांनी बाँब टाकून तेवढा भाग पाडला होता. 1957 च्या ज्या 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' चित्रपटामुळे पूल जगभर गाजला त्याचं चित्रीकरण श्रीलंकेत झालं. या नदीचं नावही तेव्हा मे क्लोंग होतं. पर्यटक 'क्वाय'च शोधत येऊ लागले, तेव्हा 1960 च्या दशकात इथल्या प्रवाहाला क्वे याई नाव देण्यात आलं. आणि 'क्वाय' असा उच्चार केलात तर थाई कानाला तो म्हैस ऐकू येतो. पुलावरून अजूनही गाड्या जातात. हळू जातात, पण जातात, आणि बाजूला उभं राहायला ठरावीक कोनाडे आहेत. गाडी दिसल्यावर पळू नका, जवळच्या कोनाड्यात शिरा. शहराच्या बाजूला, पुलापासून थोड्या अंतरावर, 1944 साली जपानी सैन्यानेच उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. मेलेल्यांच्या भाषांतले लेख त्यावर आहेत, त्यात तमिळही. मारणाऱ्यानेच बांधलेलं स्मारक कसं वाचायचं, हे ज्याने त्याने ठरवावं.

नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या सुरुवातीला पुलावर रोषणाई-आवाजाचा महोत्सव भरतो. त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत आणि शांतताही.

दुसरा दिवस: हेलफायर पास

खिंड कांचनाबुरीपासून वायव्येला सुमारे 80 किलोमीटर, महामार्ग 323 वर. संग्रहालय नऊला उघडतं आणि चारला बंद होतं, प्रवेश मोफत. सुट्ट्या बघून जा. कांचनाबुरी बस स्थानकावरून थोंग फा फुम किंवा संगखलाबुरीची बस धरा, पहाटे सहा-सातची. दीड तास लागतो. वाहकाला 'चोंग खाओ खात' म्हणा, हे खिंडीचं थाई नाव. उतरतानाच परतीच्या बसची वेळ विचारा. दुपार कलली की गाड्या विरळ होतात आणि महामार्गावर हात दाखवत उभं राहावं लागतं. चार जण असाल तर दिवसभराची टॅक्सी ठरवणं शहाणपणाचं, त्यात थांबण्याचे तास आधीच बोलून घ्या. दोन तास म्हणाल तर चालक दीड तासात हाका मारू लागतो, म्हणून चार सांगा.

हे केंद्र ऑस्ट्रेलिया सरकार चालवतं, 1998 साली सुरू झालं. आत गेल्यावर ऑडिओ गाइड मागून घ्या, मोफत आहे. वाचलेल्या कैद्यांचे आवाज त्यात आहेत. खिंडीत एकही पाटी जे सांगत नाही ते हे आवाज सांगतात. इंग्रजी कमी समजणारे बरोबर असतील तर एकाने ऐकून थांबत थांबत सांगावं, गाइडशिवाय चालणं वाया जातं.

मग पायऱ्या उतरून जुन्या रेल्वेच्या मार्गावर या. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि येताना त्याच चढायच्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी वरच्या सज्जावरून दरी बघून थांबलेलं बरं. खाली सपाट खडीचा रस्ता. थोडं चाललं की दोन्ही बाजूंचा खडक वर चढू लागतो. मुख्य खोदकाम 75 मीटर लांब आणि 25 मीटर खोल आहे.

इथे हळू चाला आणि हात लावून बघा. खडकाच्या भिंतीत उभ्या अर्धगोल खाचा दिसतील. त्या छिन्नीच्या भोकांच्या आहेत. एक माणूस पोलादी पहार धरून दर घावाला ती फिरवायचा, दुसरा घणाने ठोकायचा. भोक खोल झालं की त्यात सुरुंग, आणि फुटलेला दगड टोपल्यांनी, हातांनी बाहेर. सुरुवातीला जोडीला दिवसाला सुमारे एक मीटर भोक पाडायचं होतं, पुढे ते दोन-तीन मीटरपर्यंत वाढवलं. काम 25 एप्रिल 1943 रोजी सुरू झालं आणि जेमतेम 12 आठवड्यांत संपवलं, कारण रेल्वे पूर्ण करण्याची मुदत अलीकडे आणली होती. पहारेकऱ्यांचं 'स्पीडो, स्पीडो' ओरडणं त्या काळाचं नावच होऊन बसलं. रात्रपाळीत बांबूच्या शेकोट्या आणि मशाली पेटवत. वरून बघणाऱ्यांना हाडकुळ्या सावल्या आणि ज्वाळा दिसत, त्यावरून हे नाव पडलं. एका ठिकाणी तुटलेली पहार खडकात अडकून राहिलेली आहे, शोधा. मार्गाच्या मधोमध उगवलेलं झाड तसंच ठेवलं आहे. खिळा, खडी, काहीही उचलून घरी आणू नका.

खिंडीपर्यंत जाऊन यायला रमतगमत दीड तास. पुढे हिनटोकच्या बाजूला पायवाट जाते, एका दिशेने अडीच किलोमीटर, जाऊन-येऊन तीन तास. तिकडे जायचं तर केंद्रात नाव नोंदवून वॉकी-टॉकी घ्यावा लागतो आणि उशिरा सोडत नाहीत, म्हणून दहाच्या आत निघा. पाणी वाटेत मिळत नाही. ऊन लागलेली माणसं याच टप्प्यात सापडतात.

25 एप्रिलला, अँझॅक दिनी (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा युद्धस्मृतिदिन), इथे पहाटे प्रार्थनासभा असते. खूप गर्दी, आधी तयारी करूनच जावं. शांत बघायचं असेल तर ती तारीख टाळा.

लहान मुलांबद्दल: बारा वर्षांखालच्यांना संग्रहालयातली छायाचित्रं झेपतीलच असं नाही. खिंड मात्र त्यांना दाखवता येते.

परतीची गाडी

खिंडीतून बसने शहराकडे येताना साई योक नोई धबधब्यापाशी उतरा. आजची रेल्वे जिथे संपते ते नामतोक स्थानक तिथून दोन-एक किलोमीटर, सोंगथाव (मागे बाकडी असलेली प्रवासी गाडी) मिळाली तर ठीक, नाहीतर अर्धा तास चाला. मूळ 415 पैकी एवढाच, नोंग प्लादुकपासून सुमारे 130 किलोमीटरचा तुकडा वापरात आहे. पुढचा भाग युद्धानंतर उखडला. एकच्या सुमारास सुटणारी गाडी थोनबुरीपर्यंत जाते. साडेतीनची बँकॉकपर्यंत नेत नाही, पण कांचनाबुरीला सोडते. लांब पायवाट चाललात तर पहिली मिळणार नाही, हे आदल्या रात्रीच ठरवा.

नदी जाताना डावीकडे असते, म्हणजे येताना उजवीकडे बसा. थाम क्रासे स्थानकाजवळ गाडी कड्याला चिकटून लाकडी खांबांच्या पुलावरून रांगत जाते. लोक खिडकीतून वाकतात. वाकू नका, खडक हातभर अंतरावर असतो. हा वांग फोचा पूल कैद्यांनी बांधलेला, आणि डबे अजूनही त्याच्यावरून जातात.

घरातले कोणी ब्रिटिश हिंदी सैन्यात असून पूर्वेच्या आघाडीवर बेपत्ता झाले असतील, तर त्यांचं नाव कांचनाबुरीत मिळण्याची शक्यता कमी. सिंगापूरच्या क्रांजी स्मारकावर सुमारे 24,000 आणि रंगूनजवळच्या स्मारकावर सुमारे 27,000 बेपत्ता सैनिकांची नावं आहेत, तिथे आधी शोधा. नोंदीतलं स्पेलिंग साहेबाच्या कानाप्रमाणे झालेलं असतं. शिंदे 'सिंदे' किंवा 'सिंधिया' म्हणून सापडू शकतात. त्यामुळे आडनावाऐवजी पलटण आणि सैनिक क्रमांक टाकून शोधलेलं बरं. क्रमांक जुन्या पेन्शनच्या कागदावर किंवा पदकाच्या कडेवर कोरलेला असतो.